साडेचार हजाराची 'शिलर पी-ई' वाली साइट आणि एअरटेलचा घोळ

५ पैकी २ स्टार देतोय. त्यातला दीड स्टार सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवता येतो त्याचा, आणि उरलेला अर्धा चॅटवर बसणाऱ्या मुलीचा, बिचारीने चार दिवस माझं डोकं सहन केलं.

झालं असं की गेल्या ऑगस्टमध्ये शेअरचा डेटा देणाऱ्या एका साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, साडेचार हजार, ऑफर-बिफर काही नाही, पूर्ण भावात. नाव लिहीत नाहीये, भांडायचं नाहीये मला. घ्यायचं कारण एकच, त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं की प्रत्येक शेअरचा 'शिलर पी-ई' मिळेल, महागाई धरून, दहा वर्षांचा. आणि मला नेमका तोच हवा होता कारण माझ्याकडे एअरटेल आहे, आमच्या मामांकडे माझ्या दसपट आहे, आणि आम्हा दोघांनाही कळत नव्हतं की आता हा महाग झालाय का.

मामांची गंमत अशी की त्यांनी २००७ ला तेजीत घेतला होता, जवळपास हजाराला, मग २००९ ला एकाचे दोन झाले, आणि त्यानंतर दहा वर्षं तो माणूस रोज पेपरात भाव बघून 'आहे तिथेच आहे' म्हणत पेपर घडी करून ठेवायचा. त्यामुळे एका वर्षाचा नफा बघून शेअर स्वस्त-महाग ठरवू नये हे आमच्या घरात शिकवावं लागत नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा पी-ई म्हणजे भाव भागिले गेल्या एका वर्षाचा नफा. त्यात लोचा असा की एखादं वर्ष फार चांगलं गेलं की शेअर उगाच स्वस्त दिसतो आणि वाईट गेलं की महाग. म्हणून येलचे रॉबर्ट शिलर (२०१३ चं नोबेल मिळालेले) आणि त्यांचे सहकारी जॉन कॅम्पबेल यांनी १९८८ च्या सुमारास असं केलं की दहा वर्षांचा नफा घ्यायचा, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाईप्रमाणे वाढवून आजच्या पैशात आणायचा, मग सरासरी काढून तिने भावाला भागायचं. अमेरिकेच्या बाजारासाठी हा आकडा १९९९ च्या शेवटी ४४ च्या आसपास गेला होता आणि पुढे डॉटकॉम फुटला, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा, तेव्हापासून याचं नाव झालं. पण हे सगळं पूर्ण इंडेक्ससाठी केलेलं होतं, पाचशे कंपन्यांसाठी, एकट्या शेअरसाठी नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, साइटवाल्यांच्या ते लक्षात राहिलेलं नाही.

तर लॉगिन केलं, एअरटेल टाकलं, मार्च २०२५ अखेरचा शिलर पी-ई आला ११०. शेजारी लाल ठिपका आणि 'महाग'. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे पण ११० म्हणजे नक्की किती? ताप आहे का काय आहे?" आणि मला सांगता येईना. म्हणून रविवारी एक्सेल उघडलं, म्हटलं हाताने काढून बघू.

हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण सगळी मजा इथेच आहे.

एकत्रित निकालांमधला मालकांच्या वाट्याचा नफा घेतला, कोटीत, गोल करून. २०१५-१६ ला ६,०७७, मग ३,८००, मग १,०९९, मग २०१८-१९ ला फक्त ४१०. ही जिओची कृपा, सप्टेंबर २०१६ ला ते आले आणि सगळ्यांचे रेट पडले. मग २०१९-२० ला ३२,१८३ तोटा. तोटा! पुढच्या वर्षी परत १५,०८४ तोटा. मग ४,२५५, ८,३४६, ७,४६७ आणि २०२४-२५ ला एकदम ३३,५५६ नफा. महागाईसाठी सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला, २०१२ = १०० वाला, वर्षाची सरासरी. तो २०१५-१६ ला १२४.७ च्या आसपास होता आणि २०२४-२५ ला १९२.६ च्या आसपास, म्हणजे तेव्हाचा एक रुपया आजचे दीड रुपये.

आधी महागाई न धरता नुसती बेरीज मारली. दहा वर्षांचा मिळून नफा १७,७४३ कोटी, म्हणजे वर्षाला सरासरी १,७७४ कोटी. कंपनीचं बाजारमूल्य तेव्हा गोल १० लाख कोटी. भागाकार साडेपाचशेच्या वर. मी दोनदा तपासलं. मग महागाई धरली, मला वाटलं आता जुने नफे फुगतील आणि आकडा जरा माणसात येईल, तर तो अजून वर गेला, ८६०!

का, तर महागाई नफ्यालाच लागते असं थोडीच आहे, तोट्यालाही लागते. २०१९-२० चा ३२ हजारांचा तोटा आजच्या रुपयात ४२ हजार कोटींच्या वर जातो, आणि सगळ्यात मोठा नफा शेवटच्या वर्षाचा असल्याने त्याला महागाईची एक दमडी मिळत नाही. जुनं दुखणं व्याजासकट आणि नवं सुख मुद्दल फक्त. हे मला आधी सुचलं नव्हतं, कबूल करतो.

मग साइटचे ११० आले कुठून? थोडं उलटसुलट करून बघितलं आणि सापडलं. त्यांनी तोट्याची दोन्ही वर्षं गाळून टाकली होती, उरलेल्या आठ वर्षांची बेरीज केली आणि आठने भागलं. बरोब्बर ११०. आता मला सांगा, दहा वर्षांची सरासरी कशासाठी काढायची, तर वाईट वर्षं पण धरली जावीत म्हणून, आणि तुम्ही वाईट वर्षंच काढून टाकता? नापास झालेले विषय सोडून टक्केवारी काढल्यासारखं झालं हे, आमच्या वर्गात सगळेच डिस्टिंक्शनमध्ये आले असते.

चॅटवर विचारलं. उत्तर आलं, "सर, निगेटिव्ह अर्निंग्ज आमच्या सिस्टिममध्ये नॉट मीनिंगफुल धरली जातात." मी म्हटलं ताई, तोटा भागाकाराला मीनिंगफुल नसेल पण सरासरीला आहे की हो, आणि निदान पानावर कुठेतरी 'आठ वर्षांची सरासरी' असं तरी लिहा. ती म्हणाली टेक टीमला कळवते. चार दिवसांनी तिकीट बंद झाल्याचा मेल आला. आकडा तोच आहे.

बरं, मग माझे ८६० तरी बरोबर का? तर ते पण नाही, आणि इथे साइटचा दोष नाही, पद्धतच टेलिकॉमला झेपत नाही. २०१५-१६ चा नफा दोन ठिकाणी दोन दिसतो. त्या वर्षी जाहीर झाला तेव्हा ५,४८४ कोटी होता, पुढच्या वर्षी हिशेबाची नवीन पद्धत आली तेव्हा तोच ६,०७७ झाला. मी नवा घेतला, जुना घेतला असता तर ८६० चे ९३० झाले असते. दहा वर्षांपूर्वीच्या सहाशे कोटींनी! आणि २०२४-२५ च्या नफ्यात इंडस टॉवर्स (मोबाइलचे टॉवर उभारणारी कंपनी) ताब्यात आल्यावर हिशेबात धरलेला एकदाचा फायदा आहे, करातला पण आहे, त्यापायी समजा दहा हजार कोटी बाजूला काढले तर आकडा सहा हजारांच्या पुढे जातो. मोठा नफा वजा मोठा तोटा करून उरलेल्या चिमूटभराने भागायचं म्हटल्यावर काय होणार. एक वर्ष आधीची, म्हणजे मार्च २०२४ पर्यंतची दहा वर्षं घेतली तर सरासरीच उणे येते, आणि शिलर पी-ई निघतच नाही.

आणि तो ३२ हजारांचा तोटा काय होता ते पण बघा. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा, म्हणजे सरकारी वाट्यासाठी कुठला महसूल धरायचा त्याचा, निकाल आला. सरकारला महसुलातला वाटा द्यायचा तो नुसत्या फोनच्या कमाईवर की भाडं, व्याज, डिव्हिडंड सगळ्यावर, हे भांडण कितीतरी वर्षं चाललं होतं, ते कंपन्या हरल्या. एअरटेलने त्या एका तिमाहीत २८,४५० कोटींची तरतूद केली आणि २३,०४५ कोटींचा तोटा दाखवला. म्हणजे मागच्या कितीतरी वर्षांचं देणं एका तिमाहीत लिहिलं. हे खरं देणं आहे, खोटं नाही, त्यामुळे गाळायचं तर नाहीच, पण ते दरवर्षी होणारं पण नाही. अमेरिकेत व्हार्टन बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जेरेमी सीगल हीच तक्रार शिलरच्या आकड्याबद्दल करत आलेत, की २००१-०२ आणि २००८ मध्ये काही मोजक्या कंपन्यांनी प्रचंड रकमा एकदम तोट्यात लिहिल्या आणि त्याने सगळ्या बाजाराची सरासरी खाली खेचली. पाचशे कंपन्यांत हे होतं तर एकट्या कंपनीचं काय होईल.

अजून एक, महागाई कुणाची? एअरटेलचा धंदा आफ्रिकेतल्या १४ देशांत पण आहे, २०१० ला झेन नावाच्या टेलिकॉम कंपनीचा तिथला धंदा १०.७ अब्ज डॉलरला घेतला तेव्हापासून. जून २०२३ ला नायजेरियाचा नायरा धाडकन पडला आणि २०२३-२४ चा नफा त्यातच कमी झाला. त्या नफ्याला आपण आपल्या कांदे-बटाट्याचा निर्देशांक लावतोय, ठीक आहे, शेवटी मी खर्च रुपयातच करणार, पण साइटवर याची एक ओळ तरी?

शेअरची संख्या हा अजून एक खड्डा. २०१९ ला २२० रुपयांनी २५,००० कोटींचा राइट्स (आधीच्याच शेअरहोल्डरांना नवे शेअर) आला, मग जानेवारी २०२० ला ४४५ ने मोठ्या गुंतवणूकदारांना शेअर दिले, २०२१ ला परत ५३५ ने २१,००० कोटींचा राइट्स. साधारण ४०० कोटी शेअर होते ते जवळपास दीडपट झाले. त्यामुळे एका शेअरमागचा नफा घेऊन काढलं की एक उत्तर, कंपनीचा सगळा नफा घेऊन काढलं की दुसरं. साइट यातलं काय करते हे मला त्या आठ वर्षांचा शोध लागल्यावरच कळलं.

व्होडाफोन आयडियावर टाकून बघितलं, रकाना कोरा. तो मात्र प्रामाणिक कोरा आहे, तिथे नफाच नाही, २०१९-२० चा एकट्या वर्षाचा तोटा ७३,८७८ कोटी. शिवाय ऑगस्ट २०१८ च्या आधी ती कंपनी नुसती आयडिया होती, दहा वर्षं कुणाची धरणार. जिओ तर मार्च २०२५ ला वेगळा लिस्टेडच नव्हता, रिलायन्सच्या पोटात. म्हणजे आपल्याकडे टेलिकॉमसाठी हा रकाना चालेल असा एकच मोठा शेअर आणि त्यालाच तो चुकीचा.

मग सगळं फुकट गेलं का, तर नाही. दहा वर्षांची ओळ समोर मांडली की जे दिसतं ते एका वर्षाच्या ३० च्या पी-ई मध्ये अजिबात दिसत नाही. ३० बघून वाटतं बरं आहे की, पण त्या ओळीत दिसतं की हा धंदा एका नव्या माणसाने रेट पाडले की झोपतो, एका कोर्टाच्या निकालाने दोन वर्षं गिळतो, आणि मग रेट वाढले की उठतो. दर ग्राहकामागे महिन्याची कमाई २०१८ च्या शेवटी १०४ रुपये होती ती मार्च २०२५ च्या तिमाहीला २४५ झाली, डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ अशा तीन दरवाढी. मी तर आता शिलरचा भागाकार सोडून दिलाय, फक्त त्याची ओळ ठेवलीये, महागाई धरलेली, खाली एजीआरची नोंद, आणि शेजारी स्पेक्ट्रमवर (सरकारकडून लिलावात घ्यायच्या मोबाइलच्या लहरी) किती पैसे गेले ते, कारण घसारा जुन्या किमतीवर लागतो आणि नवीन स्पेक्ट्रम नव्या किमतीला घ्यावं लागतं, २०२२ च्या ५जी लिलावात एकट्या एअरटेलचे ४३,०८४ कोटी गेले. साइट यातलं काहीच करत नाही पण कच्चा माल देते, तो दीड स्टार त्याचाच.

कुणी घ्यावं? साबण, रंग असले शेअर बघणाऱ्यांना रकाना चालून जाईल, तिथे तोट्याची वर्षं फार नसतात. टेलिकॉम, विमान कंपन्या, साखर यावाल्यांनी पैसे वाचवावेत, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि सरकारचा निर्देशांक दोन्ही फुकट मिळतात, एक रविवार जातो इतकंच. आणि शेअर घ्या की विका हे मी सांगत नाहीये, कृपया विचारू नका.

मामांना शेवटी ८६० सांगितलं. ते जरा गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे ११० बरा होता." मग मी त्यांना समजावलं की मार्च २०३० चे आकडे आले की २०१९-२० चं वर्ष दहाच्या बाहेर पडेल आणि हाच आकडा एका रात्रीत कोसळेल, कंपनीने काहीही न करता. "मग तेव्हा फोन कर," म्हणाले.

सबस्क्रिप्शन ऑगस्टला संपतंय, ऑटो रिन्यू बंद केलंय. ते बंद करायचं बटण सेटिंगमध्ये सगळ्यात खाली आहे, करड्या रंगात, नीट बघा.