स्टिअरिंगचा बिघाड: दुरुस्ती, नवा भाग की जुन्या बाजारातला?

गॅरेजवाल्याने ‘रॅक गेलाय’ (रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारा, नळीतला खालचा दातेरी दांडा) किंवा ‘अख्खा कॉलम बदलावा लागेल’ (कॉलम म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणारा खांब) असं सांगितलं की तीन पर्याय उरतात: आहे तो भाग दुरुस्त करायचा, कंपनीचा नवा घ्यायचा, नाहीतर कुर्ल्यासारख्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून आणायचा. स्वस्त काय पडेल ते नंतर पाहू. आधी बिघाड रॅकचा की कॉलमचा हे पक्कं करा, कारण जुना माल कॉलमच्या बाबतीत चालू शकतो आणि रॅकच्या बाबतीत सहसा चालत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये पॉवर स्टिअरिंगची मोटर डॅशबोर्डखाली कॉलमवर बसलेली असते. खालचा रॅक साधा, ग्रीसवर चालणारा. त्यात ना तेल ना वायर. त्यामुळे स्टिअरिंग जड झालं तर संशय वरच्या कॉलमवर घ्यायचा, खडखड आली तर आधी खाली रॅककडे बघायचं.

जड झालं तर सगळ्यात आधी बॅटरी. पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं चाक वळवताना ही मोटर मोठा करंट खेचते, आणि व्होल्टेज पडलं की कंट्रोलर मदत कमी करतो. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. मग कोणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. आकडा 12 च्या खाली जात असेल तर बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगची वायर तपासा. कॉलमचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. टोकाला स्टिअरिंग बराच वेळ दाबून धरल्यावर जड होऊन थोड्या वेळाने आपोआप हलकं होत असेल, तर मोटर तापल्यावरचं ते संरक्षण आहे, बिघाड नव्हे.

बॅटरी ठीक असूनही ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा जळत असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावावा लागतो. फोनला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचे, म्हणजे ‘पी’चे कोड दाखवतो, स्टिअरिंगचे ‘सी’ आणि ‘यू’चे कोड वाचणारा स्कॅनर आहे का, ते आधी विचारा. कोड टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंगवर हाताने किती जोर लावला ते मोजणाऱ्या भागाचा) निघाला तर कनेक्टर तपासा. तो ठीक असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नये असं आमचं मत. सेन्सर बहुतेक गाड्यांत कॉलमच्या आतच असतो, सुटा मिळत नाही, आणि चुकीच्या सिग्नलवर मोटर नको तिकडे जोर लावू शकते. इथे नवा कॉलम सहज पाच आकड्यांत जातो. म्हणून जुना घ्यायला हरकत नाही, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, आणि बसवल्यावर स्कॅनरने स्टिअरिंग अँगल व टॉर्क सेन्सरचं कॅलिब्रेशन झालंच पाहिजे. ते करून देणारा माणूस हाताशी नसेल तर जुना कॉलम घेऊ नका.

कॉलममधूनच ‘टक टक’ येत असेल तर मात्र दुरुस्तीच बरी. ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मोटर आणि वर्म गिअर यांच्यामध्ये चांदणीच्या आकाराचा एक छोटा रबरी कपलर असतो. तो झिजून चुरा होतो आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं की आवाज येतो. वस्तू अगदी किरकोळ किमतीची, मेहनत मात्र कॉलम उतरवण्याची. हे काम करताना चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून ठेवायला सांगा आणि शाफ्टच्या जोडावर रंगाची खूण करून घ्या. शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं तर क्लॉक स्प्रिंगची (स्टिअरिंगखालच्या, हॉर्न आणि एअरबॅगची वीज नेणाऱ्या गुंडाळीची) पट्टी तुटते, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू.

आता खालची खडखड. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग दोन-तीन इंच इकडेतिकडे हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या रॉडचं बाहेरचं टोक), रॅकचा रबरी बूट (टोकावरचं आवरण) आणि इंटरमीडिएट शाफ्टचा (कॉलम आणि रॅक यांना जोडणाऱ्या दांड्याचा) जोड यांवर एकेक करून हात ठेवायचा. ज्याच्यात धक्का लागतो तो भाग गेलेला. नंतर चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. ढिलाई असेल तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (त्याच रॉडचा रॅककडचा जोड) गेलेला. बारा-सहाला ढिलाई असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, म्हणजे तो खर्च स्टिअरिंगचा नव्हेच.

धक्का रॅकच्या नळीतूनच येत असेल तर बूट मागे सरकवून दांडा बघा. दांडा चकचकीत आणि कोरडा असेल तर बुश किट (दांड्याला आधार देणाऱ्या कड्यांचा संच) आणि ग्रीस एवढ्यावर काम भागतं. गंजाचे खड्डे पडले असतील तर नवा बुश लवकरच खरवडला जातो, तिथे नवा रॅकच घ्यावा. बूट फाटून पावसाळ्याचं पाणी आत गेलेल्या कोकणातल्या गाड्यांत हे हमखास. जुन्या बाजारातला रॅक आतून किती झिजलाय ते बाहेरून कळत नाही, आणि अपघातातल्या गाडीचा असेल तर दांडा किंचित वाकलेलाही असू शकतो. म्हणून तो नको.

मोटर रॅकवरच बसलेल्या महागड्या गाड्यांत पाणी आत गेलं तर साध्या गॅरेजमध्ये हात घालू देऊ नये, एवढंच.

काही ठिकाणी बुश न बदलता रॅकच्या पाठीवरचा ॲडजस्टिंग नट आवळून आवाज बंद करतात. त्याची परीक्षा सोपी आहे: मोकळ्या जागी हळू चालवत वळण घ्या आणि पकड सैल करा. स्टिअरिंग आपसूक मध्याकडे परतत नसेल तर नट जास्त आवळलाय, तो सैल करून बुश टाकून घ्या. टाय रॉड एंड बदलला असेल तर जुना काढताना किती आटे फिरले तेवढेच नव्याला द्यायला सांगा, म्हणजे गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत तरी सरळ जाईल. रॅक किंवा रॉड उघडला की अलाइनमेंटचे पैसे कोटेशनमध्येच धरा.