टॉवर स्पीकरच्या पेटीतून निघाली सिमेंटची लादी

सहा महिने मी स्टिरिओ शोधत होतो. बजेट कमी आणि ऐकायचं फक्त शास्त्रीय, ख्याल, सतार, सारंगी, कधीतरी व्हायोलिन. माझी मागणी एवढीच होती की तानपुरा तानपुऱ्यासारखा ऐकू यावा.

एका पार्किंगमध्ये दोघं जण व्हॅन घेऊन उभे होते, गळ्यात आयकार्ड, हातात डिलिव्हरी चलन. म्हणाले की एका हॉलची ऑर्डर होती, गोडाऊनवाल्याने चुकून एक सेट जास्त चढवलाय, परत नेला तर आम्हीच हिशोबात अडकू, म्हणून मिळेल त्या पैशात देऊन टाकतो. मला चकचकीत ब्रोशर दाखवलं, त्यावरची किंमत ते मागत होते त्याच्या दहापट, मोबाइलवर कंपनीची वेबसाइटही उघडून दाखवली. कंपनीचं नाव ऐकल्यासारखं वाटलं, कारण एका नामांकित ब्रँडच्या नावातली एक-दोन अक्षरं फिरवून ते बनवलं होतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. दोन उंच टॉवर, एक अॅम्प्लिफायर, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात २००० वॉट. टॉवर उचलायला दोघं लागले आणि मला वाटलं एवढं जड आहे म्हणजे आत माल चांगला असणार.

वाजवून दाखवा म्हटलं तर त्यांनी धडाधड बीटवालं गाणं फुल आवाजात लावलं. एखादा ख्याल लावा म्हटलं तर म्हणाले पेनड्राइव्हमध्ये नाहीये आणि आम्हाला उशीर होतोय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. तिथेच मी निघायला हवं होतं. आवाज नुसता मोठा केला तरी कानाला तो जास्त चांगला वाटतो, म्हणून दोन सिस्टिम ऐकताना आवाज सारखा ठेवून ऐकायच्या असतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

घरी पहिल्यांदा विलंबित ख्याल लावला आणि पोटात गोळा आला. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला लावलेल्या) तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार साधारण ६९ हर्ट्झला असते, तिचा भरीवपणा कुठेच नाही, नुसती वरची झणझण. तबल्याच्या बायाची, म्हणजे डग्ग्याची, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणारा आवाज) म्हणजे तर जीव असतो ना, ती सगळी एकाच सुरात धप धप. आणि गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा.

चार दिवसांनी मागचं झाकण उघडलं. पुढून तीन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल पडदे, दिसतात त्यातला खालचा नुसता दिखाव्याचा, वायरच नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे पाठवणारं सर्किट, त्याच्या जागी एकच छोटा कपॅसिटर. आणि तळाला वजनासाठी चिकटवलेली सिमेंटची लादी!! ते वजन बघून मी पैसे दिले होते.

२००० वॉट म्हणजे पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा फुगवलेला आकडा, बारीक अक्षरात लिहिलेलं. तो आकडा पूर्ण निरुपयोगी आहे, विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सतत किती पॉवर देतो ते. माझ्या अॅम्प्लिफायरच्या मागच्या पट्टीवर विजेचा वापर ६० वॉट छापलाय, ६० घेणारा सतत २००० कुठून देणार? विकत घेण्याआधी ही पट्टी वाचायला दहा सेकंद लागतात, प्लीज वाचा. तसंच स्पीकर कुठपासून कुठपर्यंतचे सूर वाजवतो ते सांगायला '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर त्यालाही अर्थ नाही, पुढे ±३ डेसिबल असं, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज किती कमीजास्त होतो ते, काही आहे का ते बघा.

व्हॅनवाल्यांचा नंबर दुसऱ्याच दिवशी बंद, वेबसाइटवर पत्ता नाही, बिल तर मिळालंच नव्हतं. नंतर कळलं की ही ट्रिक जुनी आहे, बऱ्याच देशांत चालते आणि तिला 'व्हाइट व्हॅन स्कॅम' असं नावच आहे.

आता माझ्याकडे जुनी, वापरलेली बुकशेल्फ (छोट्या स्पीकरची) जोडी आहे, साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा ड्रायव्हर), आणि ३० वॉट आरएमएसचा साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर. घेताना माझं रेकॉर्डिंग घेऊन गेलो, हळू आवाजात पूर्ण वीस मिनिटं ऐकलं, विकणाऱ्याने एकदाही घाई केली नाही. भिंतीपासून थोडे पुढे ठेवलेत आणि खर्ज ऐकू येतो, बाया बोलतो.

ते टॉवर अजून बाल्कनीत आहेत. दोघा-तिघांनी सांगितलं की खोकं आहे, ब्रोशर आहे, विकून टाक, निम्मे पैसे तरी सुटतील. मी दोन्हीची मागची झाकणं काढून ठेवलीत, म्हणजे लादी दिसेल आणि माझ्या घरातून ते कुणाला विकले जाणार नाहीत.