सहा इंची आरसा आणि चार सपाट आरसे : ॲल्युमिनियम लेपन करून देणाऱ्या एका कार्यशाळेचे परीक्षण

दुर्बिणीचा आरसा घासणे, पॉलिश करणे आणि त्याला परवलयाकार देणे ही सगळी कामे चिकाटी असेल तर घरी होतात. काचेवर धातूचा थर चढवणे मात्र घरी होत नाही, कारण त्यासाठी निर्वात कक्ष लागतो. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून काम करते आहे आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, त्यामुळे पुण्यात स्वतः आरसे घासणाऱ्यांची संख्या कमी नाही. पण ‘कोटिंग कुठे करून घेतलेत?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला नव्याने शोधावे लागते. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील छोट्या कार्यशाळेकडून मी अलीकडे दोन प्रकारची कामे करून घेतली. एक, सहा इंच व्यासाचा परवलयाकार आरसा. आणि दुसरे, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होलोग्रामच्या (लेसरने फिल्मवर नोंदवलेल्या त्रिमितीय प्रतिमेच्या) मांडणीसाठी लागणारे चार छोटे सपाट आरसे. त्यांचा मुख्य व्यवसाय वाहनांच्या दिव्यांच्या परावर्तकांवर धातू चढवण्याचा असल्याने आमच्यासारख्यांची रांग लागू नये अशी मालकांची इच्छा आहे, म्हणून नाव देत नाही. अशी सेवा कुठेही घेतली तरी काय पाहावे आणि काय विचारावे, हे या अनुभवातून सांगता येईल.

कामाची पद्धत चांगली आहे आणि ती पाहू दिली जाते, हे आधी नमूद करतो. आरसा कक्षात तोंड खाली करून टांगतात. खाली टंगस्टनच्या तारेचे वेटोळे असते आणि त्यात शुद्ध ॲल्युमिनियमचे तुकडे अडकवलेले असतात. आधी रोटरी पंप आणि मग डिफ्यूजन पंप लावून दाब १०⁻⁵ टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक) आसपास आणला जातो. बाहेरच्या हवेत वायूचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी मिलिमीटरचा दहा हजारावा भागसुद्धा जात नाही. या दाबाला तो काही मीटर सरळ जातो. ॲल्युमिनियमचे अणू वाटेत न अडखळता थेट काचेवर पोचावेत, यासाठीच हा सारा खटाटोप असतो. दाब पुरेसा उतरला नसताना घाई केली तर थर करडा, भुरकट येतो. येथील कारागीर दाबमापकाचा काटा स्थिर होईपर्यंत थांबले, हे मी स्वतः पाहिले. तारेतून वीज सोडल्यावर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळून तारेवर पसरते आणि तार पांढरी होऊ लागली की त्याची वाफ होते. ही प्रत्यक्ष लेपनाची क्रिया पाहता पाहता संपते. बाकीचा सगळा वेळ पंप खातो.

थराची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर ठेवतात. सहा इंची आरशावर एवढ्या जाडीने जे ॲल्युमिनियम बसते, त्याचे वजन जेमतेम पाच मिलिग्रॅम भरते; तारेवर ठेवलेला बाकीचा धातू कक्षाच्या भिंतींवर जातो. जाडी मोजण्यासाठी कक्षात क्वार्ट्‌झचा एक कंप पावणारा स्फटिक असतो, त्याच्यावरही तोच धातू बसतो, वजन वाढले की त्याची कंप्रता उतरते आणि त्या उतरणीवरून जाडी कळते. अनेकांना अशी शंका असते की महिनोन्‌महिने खपून साधलेला आरशाचा आकार लेपनाने बिघडेल का. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. मध्यापासून कडेपर्यंत जाडीत पाच टक्के फरक पडला तरी तो पाच नॅनोमीटरचा असतो, आणि आपण हिरव्या प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या ज्या अचूकतेसाठी झगडतो ती १३५ नॅनोमीटरहून अधिक असते.

आता संरक्षक थराबद्दल. उघडे ॲल्युमिनियम दृश्य प्रकाशाचा ९० टक्क्यांहून थोडा अधिक भाग परतवते, पण ते मऊ असते आणि पुसताना त्यावर ओरखडे उठतात. पूर्वी काचेवर चांदी चढवत आणि ती काळवंडली की पुन्हा चढवावी लागे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉन स्ट्राँग यांनी निर्वातात ॲल्युमिनियम चढवण्याची रीत दुर्बिणींच्या आरशांसाठी रुळवली, त्यानंतर मोठ्या वेधशाळांनीही तीच धरली. हौशी दुर्बिणीचा आरसा दर वर्षी कोणी लेपनाला पाठवणार नाही, म्हणून ॲल्युमिनियमवर सिलिका या काचेसारख्या पदार्थाचा पारदर्शक थर देतात. हा थर कितीही जाड चालत नाही. पाव तरंगलांबीचा दिला तर परावर्तन घटते. अर्ध्या तरंगलांबीचा दिला तर त्या रंगापुरता तो जवळजवळ नसल्यासारखा वागतो. हिरव्या प्रकाशासाठी, म्हणजे ५५० नॅनोमीटरला, ही जाडी १९० नॅनोमीटरच्या आसपास येते. कार्यशाळेत मी हा आकडा विचारला तेव्हा मालकांनी वही न उघडता तो सांगितला, आणि ही जागा नुसती चकचकीत प्लॅस्टिक करून देणाऱ्यांची नाही, याची मला तिथेच खात्री पटली.

प्रयोगशाळेतील लाल लेसर आणि प्रकाशमापक वापरून मी नंतर परावर्तन तपासले. मोठा आरसा सुमारे ८८ टक्के भरला. संरक्षित ॲल्युमिनियमकडून एवढीच अपेक्षा असते, त्यामुळे याबाबत तक्रार नाही. आरशामागे तेजस्वी विजेरी धरून अंधाऱ्या खोलीत पाहिले असता चार-पाच सूक्ष्म छिद्रे चमकली. कक्षात कुठे धूलिकण बसला असेल तिथे अशी छिद्रे राहतात. दुर्बिणीच्या आरशात त्यांनी काहीही बिघडत नाही. थर अपुरा असता तर छिद्रांऐवजी सगळा आरसाच अंधूक निळसर उजेड पार जाऊ देताना दिसला असता. ही परीक्षा प्रत्येकाने करावी, मात्र विजेरीनेच. सूर्यासमोर आरसा धरण्याचा उद्योग कोणी करू नये.

माझा आक्षेप आहे तो सपाट आरशांच्या कामाबद्दल, आणि तो समजण्यासाठी होलोग्रामच्या मांडणीत आरसा नेमके काय करतो हे थोडे पाहावे लागेल. घरातल्या आरशात धातू काचेच्या मागे असतो, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश आधीच परततो. चेहरा पाहताना हे चार टक्के जाणवतही नाहीत. लेसरच्या पसरलेल्या शलाकेत मात्र हे दोन परावर्तित भाग एकमेकांत मिसळतात, आणि व्यतिकरणात, म्हणजे दोन लहरी एकमेकींवर पडतात तेव्हा, तीव्रता नव्हे तर आयाम (लहरींची उंची) जुळतात किंवा वजा होतात. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून चार टक्के तीव्रतेचा आयाम वीस टक्के असतो. हिशेब केला तर तेजस्वी पट्ट्याची तीव्रता अंधाऱ्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक निघते, आणि हे पट्टे होलोग्रामच्या फिल्मवर वस्तूच्या प्रतिमेवर आडवे उमटतात. म्हणूनच धातू पुढच्या पृष्ठभागावर असलेले आरसे हवेत. होलोग्रामच्या पट्टनात मिलिमीटरमागे शेकडो, कधी हजारांवर रेषा असतात. फिल्मवर प्रकाश पडत असताना त्या रेषा आपल्या रुंदीच्या दहाव्या हिस्स्याइतक्याही सरकू नयेत, यासाठी टेबलाखाली हवेच्या ट्यूब घालण्यापर्यंत आम्ही जातो. तिथे आरशावरचा एखादा डागही माफ होत नाही.

चारपैकी दोन आरसे निर्दोष आले. तिसऱ्याच्या कडेजवळ बोटाच्या ठशासारखी एक कमान आहे. ती पुसून जाण्यासारखी नाही, कारण ती थराच्या खाली आहे : काच धुऊन झाल्यावर आणि कक्षात लावण्याआधी कोणीतरी हातमोजा न घालता ती उचलली. कक्षात लेपनाआधी विद्युत्-विसर्जनाने काच शुद्ध करतात, पण त्याने पातळ ओलसरपणा आणि किरकोळ सेंद्रिय मळ जातो. बोटाचे तेल त्याने पुरते निघत नाही. हातमोजे टेबलावर ठेवलेले मी स्वतः पाहिले होते. चौथ्या आरशाच्या मध्याजवळच छिद्र आहे. मांडणीत लेसरची बारीक शलाका आरशावरून गेल्यानंतर भिंगाने पसरवली जाते, त्यामुळे शलाका नेमकी त्या छिद्रावर पडली की पडद्यावर समकेंद्री वर्तुळांचा एक ‘डोळा’ उमटतो. शलाका दोन मिलिमीटर बाजूला घेतली की तो नाहीसा होतो, म्हणून आरसा वापरात आहे. पण छोट्या आरशावर अशी पळवाट शोधावी लागू नये.

आणखी एक गोष्ट. एका सपाट आरशाला तिरप्या उजेडात किंचित पिवळट छटा दिसते. सिलिकाचा थर प्रत्यक्षात सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ करून देतात आणि त्या वेळी कक्षात थोडा ऑक्सिजन सोडावा लागतो. ऑक्सिजन कमी पडला किंवा वाफ फार वेगाने झाली तर थर निळा प्रकाश शोषतो. आमच्या लाल लेसरला, म्हणजे ६३२.८ नॅनोमीटरला, याचा काहीच त्रास नाही. हीच छटा दुर्बिणीच्या मुख्य आरशावर आली असती तर मी तो परत पाठवला असता. मालकांना हे दोष दाखवले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही आणि ठसा असलेला आरसा पुन्हा विनामूल्य करून देण्याची तयारी दाखवली. ते मी स्वीकारले नाही, कारण सिलिकाचा थर असलेले जुने लेपन रसायनांनी उतरवणे साध्या ॲल्युमिनियमपेक्षा कष्टाचे असते आणि त्यात काचेच्या पॉलिशला धक्का लागण्याची शक्यता असते.

दरपत्रकात ‘वर्धित’ लेपनाचाही पर्याय आहे आणि तो घ्या असा आग्रह होतो. यात ॲल्युमिनियमवर कमी आणि अधिक अपवर्तनांकाचे (प्रकाश कमी-अधिक वळवणारे) थर आलटून पालटून देतात व परावर्तन ९६ टक्क्यांपर्यंत नेतात. न्यूटनी दुर्बिणीत दोन आरसे असतात, म्हणून साध्या लेपनाने ७७ टक्के प्रकाश नेत्रिकेपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापर्यंत, पोचतो आणि वर्धित लेपनाने ९२ टक्के. हा फरक ऐकायला मोठा वाटतो, पण ताऱ्यांच्या प्रतीच्या, म्हणजे तेजस्वितेच्या मापाच्या, हिशेबात तो एका प्रतीच्या पाचव्या हिस्स्याएवढाही नाही. शहराबाहेर एखाद्या टेकडीवर दुर्बीण नेली तर याहून कितीतरी जास्त मिळते. शिवाय ते ९६ टक्के ठराविक पट्ट्यापुरते असतात आणि पट्ट्याबाहेर परावर्तन साध्या ॲल्युमिनियमच्याही खाली जाऊ शकते. होलोग्रामच्या मांडणीत आरसे ४५ अंशांत बसवतात, तिथे हा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो आणि ध्रुवीकरणाचे (प्रकाशलहरींच्या कंपनदिशेचे) प्रश्नही उभे राहतात. मी दोन्ही कामांसाठी साधे संरक्षित लेपन घेतले आणि पुन्हा तेच घेईन.

कामाचा दर आरशाच्या मापावर ठरतो आणि तो वाजवी आहे; सहा इंची आरशासाठी दिलेले पैसे मला जड वाटले नाहीत. वेळेबाबत मात्र सबुरी हवी. कक्षात दिव्यांचे परावर्तक लागलेले असतील तर आपल्या आरशाची पाळी नंतर येते आणि दिलेली तारीख पुढे जाते. परत देताना आरसा मऊ कागदात गुंडाळून लाकडी खोक्यात, कडेवर आधार देऊन ठेवला होता. लेपनाला काहीही टेकत नव्हते, आणि ही काळजी मोठ्या प्रयोगशाळांतूनही नेहमी पाहायला मिळत नाही.

या सेवेत खरी उणीव आहे ती लेखी माहितीची. थराची जाडी तोंडी सांगितली जाते, परावर्तन मोजून दिले जात नाही आणि कामाचा कसलाही दाखला मिळत नाही. यावर सोपा उपाय आहे : आरशासोबत सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी कक्षात लावायला सांगावी. तिच्यावर तोच थर त्याच वेळी बसतो, आणि चिकटपट्टी लावून उपटण्याची परीक्षा, प्रकाश पार जातो का हे पाहणे, ओरखडा काढणे, असे जे काही आरशावर करायला हात धजत नाहीत ते त्या पट्टीवर करता येते. मी ती मागितली आणि कारागिरांनी कुरकुर न करता लावली. तिच्यावरची चिकटपट्टी उपटल्यावर थराचा कणही सुटून आला नाही.

दुर्बिणीच्या आरशासाठी ही कार्यशाळा मी निःशंकपणे सुचवेन. सपाट आरसे लेसरच्या कामाला हवे असतील तर काच धुतल्यापासून कक्षाचे झाकण लागेपर्यंत तिथे उभे राहावे, हातमोजे घातले जात आहेत ना हे पाहावे, आणि हव्या असलेल्या संख्येपेक्षा एक काच जास्त द्यावी.