बाल्डर्स गेट: जुन्या सीडी की नवी डिजिटल आवृत्ती?

सदाशिव पेठेतल्या घरी माळा आवरताना दादाचा बाल्डर्स गेटचा संच सापडला. 1998चा कॉम्प्युटरवरचा रोल-प्लेइंग गेम, पाच सीडी. तिसरीवर नखभर ओरखडा आहे, आणि गेम नेमकी तीच मागतो तेव्हा ड्राइव्ह घरघरत राहतो. नव्या भागात पाऊल टाकलं की सीडी बदला, हे तेव्हा आम्हाला अंगवळणी पडलं होतं.

2012मध्ये आलेली एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे याच गेमची सुधारित आवृत्ती, डाउनलोड केली की ही कटकटच संपते. मूळ गेम 640 बाय 480चा, आजच्या मोठ्या स्क्रीनवर धूसर दिसतो. नवी आवृत्ती स्क्रीनभर पसरते, झूमही होते. शिवाय बाल्डर्स गेट 2मधल्या किट्स (पात्राच्या पेशाचे खास उपप्रकार) आणि हाफ-ऑर्क ही जमात इथेही मिळतात. नीरा, डॉर्न, रसाद हे नवे सोबतीही आहेत. पण त्यांचं बोलणं मला जुन्या मंडळींच्या बोलण्यात मिसळत नाही. नको असतील तर सोबत घेऊ नका.

एका गोष्टीसाठी मात्र जीव हळहळतो. जुने सिनेमॅटिक व्हिडिओ काढून तिथे हलती चित्रं घातली आहेत. पावसाळी रात्री दिवे मालवून आम्ही पाहिलेली ती सुरुवात, छतावरची ती झटापट, अंगावर काटा आणायची. चित्रांत तो थरार नाही.

पहिल्यांदा खेळणाऱ्याने बेधडक डिजिटल घ्यावी, शक्यतो जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून. तिथे डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसल्याने इन्स्टॉलर स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतो. दादाचा संच मी परत माळ्यावर टाकलेला नाही, तो टेबलावरच आहे.