दिल्लीतील अर्ध्या दिवसाची स्मारक सहल: पूर्वार्ध उत्तम, उत्तरार्ध घाईचा

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे दिल्लीतील एका सहल कंपनीच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीला गेलो होतो. माणशी बाराशे रुपयांत गाडी, गाइड आणि दोन वास्तू, म्हणजे तीस जानेवारी मार्गावरील गांधी स्मृती आणि १, सफदरजंग रोड येथील इंदिरा गांधी स्मारक, असा बेत होता. दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य असल्यामुळे पैसे मोजायचे ते सांगणाऱ्यासाठीच, आणि म्हणून हे परीक्षणही मुख्यतः त्याचेच आहे.

गांधी स्मृतीत त्याने आम्हाला थेट हत्येच्या जागी नेले नाही. गांधीजींनी अखेरचे १४४ दिवस जिथे काढले, त्या खोलीसमोर आधी उभे केले. ३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले, प्रार्थनेची पाचची वेळ टळली आणि शेवटी त्यांची नातसून आभा हिने घड्याळ दाखवून आठवण केली, हे तिथेच सांगितले. मग बाहेर घडवलेल्या पावलांच्या कडेने तो आम्हाला हळूहळू चालवत घेऊन गेला आणि पाच वाजून सतरा मिनिटांचा उल्लेख पावले संपली तिथेच केला. दहाच दिवस आधी, २० जानेवारीला, याच आवारात बॉम्बस्फोट झाला होता आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला होता. तरीही बाकीचे कटवाले मोकळे कसे राहिले, यावर तो बराच वेळ आणि तोलूनमापून बोलला. कोणी पुण्याचे आहे का, असे त्याने विचारल्यावर आम्ही हात वर केला. नथुराम गोडसे पुण्यात वृत्तपत्र चालवीत असे, हे त्याने आवाज न चढवता सांगितले. आम्ही हात खाली घेतले.

सफदरजंग रोडला मात्र घड्याळ गाइडच्या मानगुटीवर बसले होते. आम्हाला जेमतेम पंचवीस मिनिटे मिळाली, आणि ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिराजी संसदेत निघाल्या होत्या, असे त्याने बिनदिक्कत सांगितले. वस्तुतः त्या लगतच्या १, अकबर रोडवर ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह यांना मुलाखत द्यायला निघाल्या होत्या आणि वाटेतल्या फाटकापाशी बेअंत सिंग व सतवंत सिंग या त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. ज्या वाटेवरून त्या चालल्या ती काचेने आच्छादलेली आहे. त्या दिवशीची रक्ताचे डाग पडलेली साडी आणि श्रीपेरुंबुदूरच्या स्फोटातील राजीव गांधींच्या कपड्यांचे अवशेष, यांच्यापुढे माणूस आपसूक थांबतो; आम्हाला मात्र ‘चला, चला’ म्हणत पुढे काढले गेले.

पाचपैकी तीन तारे, तेही पहिल्या दीड तासासाठी. दोन्ही वास्तू एकमेकींपासून जवळ आहेत, तेव्हा सफदरजंग रोडला स्वतंत्रपणे रिक्षाने जावे. सोमवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी दोन्ही बंद असतात.