गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडावं की शोषखड्ड्यात?
एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर कोसळला, की साडेचार हजार लिटर पाणी खाली येतं. आमच्याकडे ते पार्किंगमधले ऑइलचे डाग धूत थेट गटारात जायचं, तिथून नाल्यात, नदीत.

बोअरला पाइप जोडणं सोपं. जागा लागत नाही, प्लंबर काम पटकन उरकतो. पण गोम अशी, की हे पाणी मातीतून गाळलं जात नाही. कबुतरांची घाण, धूळ, सगळं थेट भूजलात, आणि तेच पाणी शेजारी उपसणार. म्हणून वाळू-खडीचा फिल्टर हवाच. शिवाय मृगाचं पहिलं पाणी बाहेर सोडायला वेगळा कॉक. तो फिरवायला गच्चीवर कोण जाणार, यातच सोसायटीची मीटिंग संपते!

शोषखड्ड्यात तळाला दगड, मग खडी, वर वाळू. पुढची गाळणी माती करते. वरची वाळू काळी, चिकट झाली, की खरवडून बदलायची, बस. मुरमाच्या जमिनीत झकास. चिकणमाती किंवा वरच कातळ असेल, तर मात्र त्याचं डबकं होतं आणि डासांची सोय. आधी छोटा खड्डा खणून त्यात दोन-चार बादल्या पाणी ओतून बघा. तासाभरात जिरलं, तर मी शोषखड्डाच घेईन, फक्त घराच्या पायापासून लांब.

पार्किंगचं तेलकट पाणी मात्र बोअरमध्ये कधीच नाही, फिल्टर असला तरी.