सात महिने वापरल्यावर: यंत्र चांगलं, झाकणातली रबरी रिंग मात्र आधी काढा

किनाऱ्यालगतच्या पाण्यातलं जस्त, कॅडमियम, शिसं आणि तांबं मोजायला मी हे पोर्टेबल स्ट्रिपिंग व्होल्टामेट्रीचं यंत्र घेतलं. पाण्यातले धातू विजेने इलेक्ट्रोडवर जमवायचे आणि ते पुन्हा सुटताना वाहणाऱ्या विजेवरून मोजायचे, अशी ही पद्धत. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी आयसीपी-एमएसला (प्लाझ्मा वापरून धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला) द्यायचं तर ते पातळ करा किंवा रेझिनमधून मीठ वेगळं करा, वर दर नमुन्यामागे बाहेरच्या प्रयोगशाळेला पैसे मोजा. इथे ते मीठच वीज वाहून नेतं.

शिसं आणि कॅडमियम पहिल्या आठवड्यापासून प्रमाणित संदर्भ-पाण्याच्या (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असतं) आकड्यांशी जुळले. जस्ताने मात्र तीन महिने छळलं. ब्लँकमध्येच, म्हणजे नमुन्याऐवजी कोरं शुद्ध पाणी मोजतानाच, लिटरला ३ मायक्रोग्रॅम! किनाऱ्याच्या कितीतरी नमुन्यांत तेवढंही नसतं, मग समुद्राचा आकडा लिहायचा तरी कसा? सेवा विभागाचं उत्तर तिन्ही वेळा एकच, तुमचं पाणी शुद्ध नाही. मग म्हणाले इलेक्ट्रोड बदला. बदललं, पैसे गेले, ब्लँक होता तिथेच.

शेवटी नमुन्याच्या पेल्याचं झाकण उलटं केलं तर आत काळी रबरी रिंग. रबर व्हल्कनाइझ करताना (गंधकाने पक्कं करताना) त्यात झिंक ऑक्साइड घालतात, आणि जस्त मोजायच्या यंत्रात हे रबर! रिंग रात्रभर आम्ल घातलेल्या कोऱ्या पाण्यात ठेवली. सकाळी उणे १ व्होल्टच्या आसपासचा जस्ताचा पीक (आलेखातला उंचवटा) पडद्याबाहेर गेला. टेफ्लॉनची रिंग कापून बसवली आणि ब्लँक १ मायक्रोग्रॅमच्या खाली आला.

तेव्हा एकच तारा देणार होते. पण उरलेलं जस्त माझ्या पावडरवाल्या हातमोज्यांतून येत होतं. पॉलिथिनचे हातमोजे घातले आणि बाटल्या नायट्रिक आम्लात भिजवल्या, तेव्हा तेही गेलं. तो दोष यंत्राचा नाही.

बंदराच्या पाण्यात बोटींच्या रंगामुळे तांबं जास्त असतं. इलेक्ट्रोडवरच्या पाऱ्याच्या थरात ते जस्ताला धरून ठेवतं आणि जस्त कमी दिसतं. थोडं गॅलियम घातलं की तांबं त्याच्याशी जोडलं जातं आणि जस्त सुटतं. तांब्याचा एकूण आकडा हवा असेल तर आम्लीकरण आणि अतिनील प्रकाश दोन्ही लागतात, नाहीतर सेंद्रिय पदार्थांना चिकटलेलं तांबं दिसतच नाही.

आता चार तारे. घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी रिंगसह आणि रिंगशिवाय ब्लँक घ्यावा आणि दोन्ही आकडे सेवा विभागाला लेखी कळवावेत. मी फोनवरच बोलत राहिले, म्हणून इलेक्ट्रोडचे पैसे वॉरंटीत बसले नाहीत.